टिटवी आणि मी

मुहूर्त १२ वाजून ७ मिनिटांचा, रिक्षा खाली उभी, आणि मी आरशासमोर. टकलाच्या काठावर उरलेले केस डावीकडून उजवीकडे न्यायचे, हे वाटतं तितकं सोपं नाही. फौज मूठभर आणि मुलूख अफाट! जेल कमी पडलं तर केस उठतात, जास्त झालं तर चिकटून बसतात आणि मधला माळ उघडा पडतो.

"अहो, नवरा मुलगा तुम्ही नाही आहात."

ही केव्हाच तयार. नऊवारी नेसून, नथ घालून, आहेराचं पाकीट पर्समध्ये टाकून सोफ्यावर इंग्रजी शब्दकोडं सोडवत बसलेली. "नटणं-मुरडणं, जुना शब्द, आठ अक्षरं..." मग माझ्याकडे एकदा बघून, "टिटिव्हेट!"

मला आधी टिटवीच आठवली. (ती बिचारी नटत नाही, नुसती ओरडते.) पण कोशकारांचा अंदाज असा, की 'टायडी' म्हणजे टापटीप, त्याला लॅटिन थाटाचं शेपूट लावून १९व्या शतकाच्या सुरुवातीला कुणीतरी हा शब्द घडवला. म्हणजे शब्दसुद्धा नटलेलाच.

त्याच सुमारास लंडनमध्ये बो ब्रमेल नावाचा एक नामांकित छानछोकी माणूस होता. तयार व्हायला म्हणे पाच-पाच तास लावायचा, आणि ते बघायला खुद्द युवराज यायचे. गळ्याला कांजी केलेला गळपट्टा. घडी चुकली की तो फेकायचा, नवा घ्यायचा. त्याचा नोकर चुरगळलेल्या गळपट्ट्यांचा ढीग घेऊन जिना उतरताना "हे आमचे फसलेले" असं सांगायचा, म्हणतात. पुढे १८१६ साली कर्जापायी ब्रमेल फ्रान्सला पळाला. हे सगळं मी हिला मोठ्याने ऐकवलं, शेवटचं वाक्य तेवढं गाळून.

पलंगावर माझेही तीन कुर्ते फसून पडले होते. मोतिया कुर्त्यात पोट दिसत होतं, मरूनमध्ये वय. निळ्यात दोन्ही. शेवटी पहिलाच घातला, अत्तर लावलं, आणि रिक्षात केसांवर हात धरून बसलो. वाऱ्याचा काय भरवसा!

कार्यालयाच्या दारातच फेटेवाला उभा होता. "या काका," म्हणत त्याने मला खुर्चीत दाबलं आणि मिनिटभरात कपाळापासून मानेपर्यंत सगळा मुलूख भगव्या कापडाखाली गेला.

"आता कसे छान दिसताय," ही म्हणाली.