सगळ्यांचे उपाय लागू पडले

आउटबोर्ड इंजिन भर खाडीत बंद पडलं की होडीत एक शांतता पसरते. तशी शांतता मी आयुष्यात आणखी एकाच ठिकाणी अनुभवली आहे: ऑडिटर चष्मा कपाळावर चढवून 'ती फाइल जरा आणा बघू' म्हणतो तेव्हा बँकेत.

देवबागला आमचं घर आहे. एका अंगाला कर्लीची खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर माडांच्या सोबतीने आम्ही. बँकेतून निवृत्त झालं की माणसाकडे पैसा आणि वेळ एकदमच येतात. पूर्वी असं कधी झालेलं नसल्यामुळे तो गोंधळतो आणि होडी घेतो. मीही घेतली. फायबरची, सोळा फुटी. तिच्या पाठीला लटकवायला 9.9 हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक इंजिन, सेकंड-हँड. दहाऐवजी 9.9 का, ते मला कळलं नाही. पण चपलांच्या दुकानातल्या किमतीसारखा हा आकडा बघूनच मी सावध व्हायला हवं होतं.

या इंजिनाचं पोट त्याच्या अंगात नसतं. 24 लिटरची लाल टाकी होडीत आपल्या पायाशी. तिच्यातून रबरी नळी निघते, नळीच्या मधे मुठीत मावेल असा रबरी फुगा असतो, त्याला सगळे बल्ब म्हणतात. तो दाबत राहायचा. कडक लागला की पेट्रोल पोचलं असं समजायचं आणि दोरी ओढायची. पेट्रोलमध्ये तेल घालायचं ते पन्नासाला एक. म्हणजे 24 लिटरला 480 मिली, अर्ध्या लिटरच्या बाटलीत वीस मिली शिल्लक. हा हिशेब मी दसऱ्याच्या सकाळी कागदावर मांडला, टाकीला झेंडू वाहिला आणि मिश्रण केलं. ही शेजारी उभी होती, काहीतरी म्हणाली. मी 'विरघळेल' म्हणालो आणि टोपण लावलं.

दिवाळीत कोथरूडहून मेहुणा आला, सहकुटुंब. त्याला संगमावर न्यायचं ठरलं. जिथे कर्ली समुद्राला मिळते तिथे अलीकडे वाळूचं एक बेट आहे. 2004 च्या त्सुनामीनंतर ते वर आलं असं सांगतात, म्हणून पर्यटकांनी त्याला त्सुनामी आयलंड करून टाकलं. आम्ही लाइफ जॅकेटं चढवली. मी पाठीमागे बसलो, अनुभवी तांडेलासारखा चेहरा केला आणि दोरी ओढली. एकवीस वेळा. मग मेहुण्याच्या मुलीने विचारलं, "काका, ही लाल दोरी इथे अडकवायची असते का?" तो इंजिन बंद करायचा सुरक्षेचा लगाम. तो जागेवर नसेल तर इंजिन जन्मात चालू होत नाही. "तेच बघत होतो तुमचं लक्ष आहे का," मी म्हणालो.

बाविसाव्या ओढीला सुरू झालं. मागून पाण्याची पिचकारी व्यवस्थित येत होती, म्हणजे थंडाव्याचं ठीक होतं. मी मूठ पिळली. होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, उचलली गेली, मुलं ओरडली, हिने चक्क माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. हे सगळं पाच मिनिटं चाललं. मग इंजिन जरा खोकलं, आवाज चढला, उतरला, आणि ती ऑडिटरची शांतता.

बल्बकडे पाहिलं तर तो चोखून टाकलेल्या रायवळ आंब्यासारखा चपटा झालेला.

मेहुण्याने तोवर फोन बाहेर काढला होता. "भावोजी, टोपणावरचा हवेचा स्क्रू उघडला का?" टाकीच्या टोपणावर एक बारीक स्क्रू असतो. पेट्रोल बाहेर ओढलं जातं तेवढी हवा आत यायला लागते. स्क्रू बंद असेल तर टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल येणं थांबतं. स्क्रू उघडाच होता. मेहुण्याने तो आणखी दोन आटे फिरवला. मी दोरी ओढली. पहिल्या ओढीला सुरू! मेहुण्याने छाती फुगवली, ती लाइफ जॅकेटच्या आतूनही दिसली.

पाच मिनिटांनी पुन्हा बंद.

"तापलं असेल हो बिचारं. जरा चहा घेऊ," ही म्हणाली. इंजिनाबद्दलचं इतकं अडाणी विधान ऐकून मी आणि मेहुणा एकमेकांकडे बघून समजुतीचं हसलो. थर्मास उघडला. चहा झाला. दोरी ओढली. पहिल्या ओढीला सुरू.

पाच मिनिटांनी बंद.

आता सुकती लागली होती. ओहोटीचं पाणी समुद्राकडे पळतं आणि ते पळताना बंद इंजिनाची होडीही सोबत नेतं. पुढे संगमावर लाटा फुटताना दिसत होत्या. मी नांगर टाकला. मेहुण्याची बायको रामरक्षा पुटपुटू लागली. तेवढ्यात बाजूने एक मच्छीमार होडी गेली. तिच्यातला म्हातारा ओरडला, "बल्ब आडवो कित्याक धरल्यात? उभो धरा, बाण वर करा!" बल्बवर पेट्रोल कुठे जायचं तो बाण असतो. आतल्या झडपा एकाच दिशेने उघडतात, उभा धरून दाबला की नीट भरतो. उभा धरला. भरला. सुरू झालं! आम्ही म्हाताऱ्याला हात जोडले. तो दिसेनासा होईपर्यंत इंजिन इमानदारीत चाललं.

अशा पाच-पाच मिनिटांच्या हप्त्यांत आम्ही घरी पोचलो. कर्जवसुलीच्या नोकरीतही मी इतके हप्ते बघितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी अंगणात सभा भरली. शेजारच्या तात्यांची हयात रॉकेलच्या इंजिनांवर गेलेली. त्यांनी टाकीकडे बघितलंही नाही. "कार्बेटरात कचरो इलो हा." हे निदान नव्हतं, श्रद्धा होती. कार्बोरेटर उतरवला. फ्लोट, सुई, जेट सगळं वर्तमानपत्रावर मांडलं. जेटमधून आरपार बघितलं, फुंकर मारली, घासलेल्या भांड्यासारखं लख्ख केलं. जोडून झाल्यावर एक वायसर उरला, तो तात्यांनी खिशात घातला. "कंपनी जास्तीचो देता," म्हणाले. मग इंजिन पाण्याच्या पिंपात उभं करून लावलं. अर्धा तास चाललं! अगदी संथ, आरतीनंतरच्या घंटेसारखं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, हिने शंकरपाळी वाटली.

खाडीत उतरवलं. मूठ पिळली. पाच मिनिटं.

इथे मला संशय यायला हवा होता. पिंपात संथ चालताना इंजिन पेट्रोल चाखतं, पूर्ण वेगात ते ताशी चार-पाच लिटर ढोसतं. जे चाखताना बाधत नाही आणि ढोसताना बाधतं, ते आवळलेल्या घशाचं दुखणं असतं. पण त्या वेळी माझं डोकंही पिंपातच होतं.

मेहुण्याने फोनवर रात्र जागवली आणि सकाळी जाहीर केलं, "इथेनॉल!" हा विषय निघाला की कोथरूडची माणसं थांबत नाहीत. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं, इथेनॉल पाणी ओढून घेतं, खारी दमट हवा असली की विचारूच नका, आणि पाणी जास्त झालं की इथेनॉलसकट ते तळाशी बसतं. शास्त्र सगळं बरोबर होतं. त्याने टाकीतलं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून पडवीत उन्हापासून दूर ठेवलं आणि थर बसतो का ते बघत दोन तास बसून राहिला. मागे आमच्या आजी लोणच्याला तेल सुटलं का ते असंच बघायच्या. थर बसला नाही. तरी "रिस्क नको" म्हणून त्याने नळीने टाकीतलं सगळं पेट्रोल उपसलं आणि मालवणहून नवीन आणवलं. इंजिन पहिल्या ओढीला सुरू झालं. मेहुणा आनंदाने पुण्याला गेला. निरोप देऊन मी खाडीत उतरलो आणि सहाव्या मिनिटाला वल्हं शोधू लागलो.

मग मालवणचे मिस्त्री आले. त्यांनी नळीच्या इंजिनाकडच्या टोकाचं ओरिंग, म्हणजे रबरी कडं, बदललं. म्हणाले, तिथून हवा घेतंय. बदलल्यावर चाललं. मग बंद पडलं. मग पेट्रोल पंपाचा पडदा बदलला. या इंजिनात पंपाला वेगळी मोटर नसते. पिस्टन खाली-वर होताना आतल्या हवेचा दाब कमी-जास्त होतो, त्यानेच एक पातळ पडदा फडफडतो आणि पेट्रोल ओढत राहतो. जुन्या पडद्याला भोक होतं असं मिस्त्री म्हणाले. मी तो उजेडात धरून बराच वेळ फिरवला. मला भोक दिसलं नाही, बिल दिसलं. नवीन पडद्यावर जेटीपाशी दोन गिरक्या मारून दाखवल्या, पैसे घेतले आणि मिस्त्री गेले. दोन गिरक्यांना चार मिनिटं लागली होती.

असं सांगतात की शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेत ओले एव्हिनरूड नावाच्या एका नॉर्वेजियन माणसाने कडक उन्हात तळ्यापलीकडे वल्हवत जाऊन आपल्या प्रेयसीसाठी आइस्क्रीम आणलं. परत येईस्तोवर ते वितळलं. त्या चिडीतून त्याने होडीला मागून लटकवायचं इंजिन करायला घेतलं आणि 1909 च्या सुमारास ते विकायलाही लागला. त्या बाईने 'मला भजी चालतील' म्हटलं असतं तर माझं निवृत्तीवेतन शाबूत राहिलं असतं.

शेवटी आबा म्हणाले, गाऱ्हाणं घालूया. आमच्याकडे औषध आणि वकील दोन्ही थकले की गाऱ्हाणं घालतात. जेटीवर नारळ, विडा, उदबत्ती. आबांनी डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" जमलेली मंडळी. "ह्या लेकरान होडी घेतल्यान हा म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" "तिचा इंजिन पाच मिन्टांनी बंद पडता हा म्हाराजा! काय वाकडा-तिकडा असात ता सरळ कर म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" लेकरू एकसष्ट वर्षांचं, हात जोडून उभं. नारळ पाण्यात सोडला आणि देवाच्या कामात उगाच घाई नको म्हणून मी होडी अगदी सावकाश हाकली. अकरा मिनिटं चालली! आजवरचा उच्चांक. अनेकांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाराव्या मिनिटाला मूठ जरा जास्त पिळली गेली, ती माझी चूक, असं सर्वानुमते ठरलं.

माझी अडचण लक्षात येतेय का? एखादा उपाय फसला असता तर तो बाद करून पुढे गेलो असतो. इथे एकही उपाय फसत नव्हता. स्क्रू, चहा, उभा बल्ब, कार्बोरेटर, इथेनॉल, ओरिंग, पडदा, नारळ. प्रत्येकाने इंजिन पहिल्या ओढीला सुरू होत होतं आणि प्रत्येक वैद्य पाच मिनिटांच्या आत फी घेऊन घरी पोचलेला असायचा.

उलगडा झाला तो आळसामुळे. एका सकाळी पलीकडे भोगव्याला जायचं होतं आणि टाकी रिकामी. तात्या म्हणाले, "माझी घेवन जा." परवा मुंबईहून आलेल्या त्यांच्या नातवाचं नवं पेट्रोल इंजिन, त्याची टाकी. नळीसकट उचलली, जोडली, गेलो. भोगव्याला पोचलो. परत आलो. जेटीला होडी बांधताना माझ्या हातून दोर सुटला, कारण मी घड्याळ पाहिलं: पूर्ण वेगात येऊन-जाऊन पाऊण तास. इंजिन तेच. बल्ब मात्र टणक, ताज्या मोसंबीसारखा.

म्हणजे दुखणं इंजिनात नव्हतंच. चपटा बल्ब पहिल्या दिवसापासून मला ओरडून सांगत होता की मागून येत नाही, मागे बघा. आणि आम्ही सगळे पुढे बघत होतो.

रात्री ही झोपल्यावर मी परसात गेलो. टाकीचं झाकण आणि आतली नळी काढली. त्या नळीच्या तळच्या टोकाला जाळी असते. टाकी परातीत उलटी केली, हलवली. आधी थोडं पेट्रोल आलं, मग एक झेंडूची पाकळी, तिचा दोष नव्हता. आणि मग बॅटरीच्या उजेडात चमकत एक रुपयाएवढी चंदेरी चकती बाहेर घसरली. तेलाच्या बाटलीच्या तोंडावर सील म्हणून असते ती. दसऱ्याला मी ती स्क्रू-ड्रायव्हरने फोडली होती.

सगळा खेळ डोळ्यांसमोर आला. मूठ पिळली की पेट्रोल जोरात ओढलं जायचं, चकती तरंगत यायची आणि जाळीला झाकणासारखी चिकटायची. इंजिन मेलं की ओढ संपायची, चकती सुटून तळाला जायची. आम्ही स्क्रू फिरवेपर्यंत, नारळ फोडेपर्यंत, चहा पिईपर्यंत जो वेळ जायचा, तेवढाच काय तो उपाय होता. मेहुण्याच्या नळीने पेट्रोल उपसलं गेलं, चकती तिथेच. इतक्या जणांत उपायाच्या सगळ्यात जवळ पोचली होती ती थर्मासवाली. ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असं मी त्याच रात्री ठरवलं आणि चकती शर्टाच्या खिशात टाकली.

इंजिन आता मस्त चालतं. आबा गाऱ्हाण्याची तारीख सांगतात. मिस्त्री नवीन गिऱ्हाइकाला माझ्या होडीचा दाखला देतात. मेहुण्याचा इथेनॉलचा लेख सोसायटीच्या ग्रुपवर फिरून मलाच परत आला. तात्या तर काय, "मी म्हटलंय मां, कचरो!" आणि या एका वाक्यापुढे मी मान खाली घालतो.

काल सकाळी चहाला बसलो, तर बशीत बिस्किटाच्या शेजारी ती चकती ठेवलेली. धुवायला टाकायच्या आधी ही खिसे तपासते, छत्तीस वर्षांची सवय. मी वर पाहिलं नाही.

"विरघळलं नाही वाटतं," ही म्हणाली आणि साखरेचा डबा पुढे सरकवला.