पैसे आमचे, मॅच लास वेगासला

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये सीझन तिकीट काढणाऱ्याला काडीची किंमत नाही, हे एकदा लेखी देऊन टाका म्हणजे झालं!

आमच्या युनिव्हर्सिटीचं नोव्हेंबर-डिसेंबरचं वेळापत्रक बघा. घरच्या कोर्टवर येतंय कोण? डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीत, साडेतीनशेच्या वर टीम आहेत, त्यातल्या पार तळाच्या. त्यासुद्धा हौसेनं येत नाहीत, हजारो डॉलर मोजून बोलावतात त्यांना. या, हरा, चेक घ्या आणि जा. ‘बाय गेम’ म्हणतात याला. त्या छोट्या कॉलेजांवर माझा राग नाही, त्यांना पैशांची गरज असते. पण हाफटाइमलाच तीस पॉइंटांची आघाडी असलेली मॅच मी पूर्ण पैसे देऊन का बघायची? पुण्याहून आलेल्या सासऱ्यांना कौतुकानं घेऊन गेलो, तर विचारतात, “जावईबापू, ही प्रॅक्टिस चाललीय ना? खरी मॅच कधी सुरू होणार?” कप्पाळ!

बरं, नको त्या मॅच सोडून बाकीच्यांची तिकिटं द्या म्हटलं, तर तसं मिळत नाही. अख्खं पॅकेज घ्या. किलोभर आंबे हवेत तर आधी पाच किलो कैरीचा कचरा उचला, असला धंदा.

आणि बघण्यासारखी एखादी मॅच ठरलीच, तर ती कुठे? लास वेगासला! 2024 पासून तिथे नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीच्या आठवड्यात, ‘प्लेअर्स एरा’ नावाची स्पर्धा सुरू झालीय, खेळाडूंसाठी टीममागे दहा लाख डॉलर. एवढा पैसा दिसल्यावर घरच्या प्रेक्षकांना विचारतो कोण? आम्ही सोफ्यावर.

कोचची बाजू मला कळते हो. मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवडलेल्या टीममध्ये नाव आलं नाही तर त्याची खुर्ची जाते. आणि 2018 पासून त्या निवडीसाठी ते जे ‘नेट’ रँकिंग डोक्यावर बसलंय, त्याचं गणितच विचित्र. पहिल्या तिसातल्या टीमला घरी हरवलं तर तो क्वाड वनचा, म्हणजे चार गटांतल्या सगळ्यात वजनदार गटातला विजय, पण तिच्याच कोर्टवर खेळायचं असेल तर पंचाहत्तराव्या नंबरपर्यंतची टीम चालते. उलट शंभराव्या नंबरची झुंजार टीम घरी बोलावली आणि हरलात, तर क्वाड थ्रीचा काळा डाग. जिंकलात तर फारसं कुणी विचारत नाही. मग असली मॅच ठेवेल कोण? त्यापेक्षा तीनशे चाळिसावी बोलवा आणि धुऊन काढा. प्रेक्षकाला जी मॅच सगळ्यात जास्त आवडेल, नेमकी तीच कोचला सगळ्यात महाग!

त्या झुंजार टीमचे हाल तर विचारूच नका. मोठे त्यांच्याशी खेळत नाहीत, आणि मग स्पर्धेसाठी टीम निवडणारी कमिटी म्हणते, तुम्ही मोठ्यांना हरवलं कुठे? 2024 मध्ये इंडियाना स्टेट ही असलीच टीम नेटच्या पहिल्या तिसात असूनही स्पर्धेबाहेर राहिली. वा रे न्याय!

एक वर्ष तुमच्याकडे, एक वर्ष आमच्याकडे, असा करार दोन तगड्या टीमशी करा ना. हरलात तर हरलात. निदान हॉल तरी भरेल. थँक्सगिव्हिंगला विद्यार्थी घरी जातात, तेव्हा स्टुडंट सेक्शन ओसाड असतो, आणि वर अनाउन्सर ओरडतो, “मेक सम नॉइज!” कोण करणार नॉइज, खुर्च्या?

आणि आता पुढच्या सीझनच्या रिन्यूअलची मेल आलीय. भाव वाढलेत. कारण काय दिलंय, तर ‘चाहत्यांना अधिक चांगला अनुभव’!