फॅन की डोक्याला ताप

जळगावात उन्हाळ्यात काव्यरत्नावली चौकात बसायचं तर रात्री नऊनंतरच, त्याआधी कट्ट्यावर बूड टेकवून बघा म्हणजे कळेल. काल जिभाऊनी 'द किंग ऑफ कॉमेडी' काढला. डायरेक्टर स्कॉर्सेसीचा 1982 चा पिक्चर, रॉबर्ट डी निरो झालाय रुपर्ट पपकिन, ह्याला कॉमेडियन व्हायचंय म्हणून टीव्हीवाल्या जेरी लँगफोर्डच्या मागं हात धुवून लागतो, घरी पुठ्ठ्याच्या कटआउटशी गप्पा हाणतो, न बोलवता पोरीला घेऊन जेरीच्या बंगल्यावर धडकतो, शेवटी त्याला किडनॅपच करतो आणि खंडणी काय तर म्हणे मला शोमध्ये घ्या!

"यात हसायचं कुठे भो?" पप्पू म्हणे. "मला तर भीतीच वाटली."

"अरे तो चिडतच नाही ना! हाकललं तरी गोड हसतो, मान-अपमान कशाचाच पत्ता नाही, तिथंच तर हसू येतं," जिभाऊ म्हणे.

नाना लगेच 'गुड्डी'वर आले. 1971, जया भादुरी शाळकरी पोरगी, धर्मेंद्र स्वतःच धर्मेंद्र. "तिथं हिरोच पोरीचं खूळ उतरवायला मदत करतो, आणि तुमचा हा हिरोलाच खुर्चीला चिकटपट्टीनं बांधतो." (नानांचं सगळं 1971 पाशी येऊन थांबतं, ते सोडा.)

पण जिभाऊनी पुढचा सीन सांगितला न मी पप्पूकडे बघायला लागलो. जेरी रस्त्यानं चाललेला, एक बाई फोनवर बोलत असते, आधी तोंडभरून कौतुक, मग म्हणते दवाखान्यात माझा भाचा आहे त्याच्याशी दोन शब्द बोला, तो सॉरी म्हणून निघतो तर ही मागून ओरडते, तुला कॅन्सर होवो! हा किस्सा जेरीचं काम करणाऱ्या जेरी लुईसच्या स्वतःच्या आयुष्यातला, त्यानंच सांगितला म्हणून पिक्चरमध्ये आला.

आता पप्पूचं. मागच्या वर्षी हायवेच्या ढाब्यावर एक मराठी नट शेवभाजी खात होता, नाव नाही घेत. घास तोंडात, बोटांवरून तर्री ओघळी राह्यली आणि ह्यानं आत्याचा व्हिडिओ कॉल लावून मोबाईल डायरेक्ट त्याच्या ताटावर धरला. त्यानं नुसता डावा हात हलवला, बोलणार कसा, तोंड भरलेलं.

"मग? तिकिटं काढतो ना आपण?" पप्पू तापलाच.

"तिकीट पिक्चरचं काढलं रे, त्याच्या जेवणाचं नाही."

पप्पूनी चहा संपवला, कप चुरगाळला. म्हणे, "आत्या अजून गावभर सांगते, लई माजलेला आहे तो."