मिस्टेक्स वेअर मेड... पण कोणी केल्या?

नववीच्या मुलांची इंग्लिशची ट्यूशन घेते मी. गेल्या आठवड्यात ॲक्टिव्ह-पॅसिव्ह चालू होतं, नेहमीची वाक्यं करून झाली आणि मग मी फळ्यावर लिहिलं 'मिस्टेक्स वेअर मेड', करा ॲक्टिव्ह. एका मुलीने कर्त्याची जागा रिकामी सोडली, पुढे 'मेड मिस्टेक्स' लिहिलं आणि म्हणाली, मॅडम, कोणी केल्या ते दिलंच नाहीये.

बरोब्बर पकडलं पोरीने! ते वाक्य माझं नव्हतंच. जानेवारी १९८७ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रेगन संसदेपुढे भाषणात बोलले होते ते, फक्त चुकांच्या आधी 'सीरियस' होतं. इराणला गुपचूप शस्त्रं विकली, त्यातला पैसा निकाराग्वाच्या बंडखोरांकडे वळवला, एवढं मोठं प्रकरण, आणि कबुली काय तर गंभीर चुका झाल्या. पाऊस झाला, उशीर झाला, तशा चुका पण आपोआप झाल्या.

ही पळवाट जुनीच आहे हे मान्य. अध्यक्ष ग्रँट यांनी १८७६ च्या संदेशात जवळपास हेच लिहिलं होतं, पण लगेच पुढे 'सगळ्यांना दिसतंय आणि मीही कबूल करतो' असं जोडलं होतं. म्हणजे तो 'मी' कुठेतरी होता. १९६१ मध्ये अमेरिकेने घडवलेला क्यूबावरचा हल्ला फसला तेव्हा अध्यक्ष केनेडी पत्रकारांसमोर सरळ म्हणाले की सरकारचा जबाबदार अधिकारी मी आहे. आता हा 'मी' शोधावा लागतो, आणि ऐकणारे आपण तो मागतही नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं.

आणि नुसता कर्ताच नाही, क्रियापदही गायब करतात. माणसाला फळीला बांधायचं, तोंडावर फडकं टाकायचं, वरून पाणी ओतत राहायचं, बुडतोय असं वाटून तो तडफडेपर्यंत. दहशतवादाच्या संशयितांच्या अशा छळाला धाकट्या बुश यांच्या सरकारचा शब्द होता 'एन्हान्स्ड इंटरॉगेशन', म्हणजे 'वाढीव चौकशी'. एन्हान्स्ड! आपण फोटो एन्हान्स करतो, चव एन्हान्स करतो. आणि हे निष्काळजीपणे झालं असं कृपया कोणी म्हणू नका, कारण 'टॉर्चर' म्हटलं असतं तर तो अमेरिकेच्याच कायद्याने गुन्हा होता, त्यामुळे शब्द नीट विचार करून निवडलेला होता. याच छळाबद्दल २०१४ मध्ये अध्यक्ष ओबामा म्हणाले 'वुई टॉर्चर्ड सम फोक्स', आपण काही लोकांचा छळ केला. तो 'फोक्स' मला आजही खटकतो, इतक्या भयंकर गोष्टीला इतका घरगुती शब्द कशाला, पण वाक्यात कर्ता आहे, क्रियापद आहे, कर्म आहे. कोणी काय केलं ते कळतं.

काही जण म्हणतात अगं राजकारणात इंग्लिश सोपं झालंय, चांगलंच आहे की. सोपं असायला माझी अजिबात हरकत नाही, लिंकनचं गेटिसबर्गचं भाषण दोन-तीन मिनिटांचं आहे आणि त्यातले बहुतेक शब्द माझ्या नववीच्या पोरांना येतात. माझी हरकत आहे ती लपवण्याला.

मला खरं तर बाबासाहेबांचं इंग्लिश आठवतं अशा वेळी. ४ नोव्हेंबर १९४८, घटना समितीत मसुदा मांडताना प्रश्न होता की 'फेडरेशन' न लिहिता 'युनियन' का लिहिलं. ते समजावून सांगतात की हे संघराज्य राज्यांनी आपसात करार करून बनलेलं नाही, त्यामुळे कुठल्याही राज्याला फुटून निघायचा हक्क नाही, ते अभंग आहे म्हणून युनियन. आणि पुढे म्हणतात की हे सुरुवातीलाच स्पष्ट केलेलं बरं, नंतर तर्क आणि वाद नकोत. एका शब्दासाठी एवढं! घरी मराठी बोलणारा माणूस परक्या भाषेतला एकेक शब्द असा तोलूनमापून वापरतो, आणि ज्यांची ती मातृभाषा त्यांना 'कोणी' हे सांगता येत नाही?

त्या मुलीला मी पूर्ण मार्क दिले. पुढच्या तासाला रेगनचं आणि ओबामांचं वाक्य फळ्यावर शेजारी शेजारी लिहिणार आहे, पोरांना फक्त कर्ता अधोरेखित करायला सांगणार.