‘सगळीकडे 30 टक्के कापा’ म्हणणाऱ्यांचे गणित

परदेशातून येणारा पैसा घटलेल्या घरांसाठी एक सल्ला बराच फिरतो आहे: ‘पैसा जितका घटला तितकी प्रत्येक खर्चाला कात्री लावा, तीन-चार महिने उसनवारीवर काढा, मुलांची शाळा वर्षभर थांबवा आणि तिकडच्या माणसाला थोडे थोडे, पण वरचेवर पाठवायला सांगा.’

सरसकट कात्री. घरखर्च 100 धरा: भाडे 25, कर्जाचा हप्ता 20, औषधे 5, अन्न 30, शाळा 10, बाकी 10. उत्पन्न आले 70 वर. भाडे, हप्ता, औषधे मिळून 50 जागचे हलत नाहीत. उरलेल्या 20 मध्ये पूर्वीचे 50 बसवायचे, म्हणजे कपात 60 टक्क्यांची, आणि तिचा मोठा वाटा ताटातून जाणार. म्हणून आधी हप्त्याला हात घालावा. 1 लाख बाकी, दरसाल 12 टक्के, 24 महिने असतील तर हप्ता सुमारे 4,707 बसतो. मुदत 36 महिने केली की 3,321. एकूण व्याज साधारण 6,600 ने वाढते, ते टोचतेच. पण ही सवलत हप्ता चुकण्याआधी मागायची असते. एकदा थकला की दंड चढतो, परतफेडीची नोंद बिघडते आणि तुमच्या शब्दाला वजन राहत नाही. नवा हप्ता, मुदत आणि एकूण व्याज लेखी घ्या.

उसनवारी. घट तात्पुरती आहे हे परस्पर धरून चालले आहे. कधी ती असतेही: एप्रिल 2020 मध्ये जागतिक बँकेने अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी सुमारे 20 टक्के घटीचा अंदाज दिला होता, प्रत्यक्षात त्या वर्षी घट दोन टक्क्यांच्या आतच राहिली. उलट 2014-15 मध्ये रूबल कोसळला, तेव्हा रशियात राबणाऱ्या ताजिक कामगारांच्या तेवढ्याच रूबलची डॉलरमधली किंमत खूप खाली आली. त्यामुळे बारा महिन्यांच्या नोंदी चार रकान्यांत लिहून काढा: तिकडून निघालेली रक्कम, शुल्क, विनिमय दर, हातात पडलेली रक्कम. पहिला रकाना घटला असेल तर कमाई आटली आहे; तिसरा घसरला असेल तर चलन. नव्या पगाराची तारीख ठरलेली असेल, तर मधल्या महिन्यापुरते उसने घ्यायला हरकत नाही. चलन घसरले असेल तर घेऊ नये. महिना 5 टक्के चक्रवाढीने 100 चे वर्षात जवळपास 180 होतात.

शाळा. घरी बसलेले मूल कामाला लागते. त्याची मजुरी एकदा हिशोबात धरली गेली की त्याला परत वर्गात पाठवणे घराला परवडेनासे होते. त्यापेक्षा फी हप्त्यांनी मागा.

थोडे थोडे पाठवणे. दर खेपेला ठरावीक 5 शुल्क असेल, तर 100 पाठवताना 5 टक्के जातात, 300 एकदम पाठवताना 1.67. शुल्क टक्केवारीने असेल तर एकत्र पाठवून काही वाचत नाही. ‘शून्य शुल्क’ या पाटीला तर भुलूच नका, कमाई विनिमय दरात लपवलेली असते. एकाच वेळी दोन-तीन सेवांत तीच रक्कम टाकून पाहा, आणि घरी नेमके किती पोचेल तेवढाच आकडा ताडून पाहा.