यंदा फरदड घेतली नाही

काल पऱ्हाटी, म्हणजे कापसाची उभी झाडं, उपटून टाकली. चार एकर. शेजारचे दादा धुऱ्यावरून ओरडले, "काहून रे बाप्पा, अजून दोन वेचे निघतात ना! विहिरीले पाणी आहे तुया." त्यांचं खोटं नव्हतं. शेंड्याकडे हिरवी बोंडं दिसत होती. दोन पाणी दिले असते तर तीन-चार क्विंटल कापूस आणखी घरात आला असता. हंगामानंतरच्या या कापसालाच फरदड म्हणतात. यंदाच्या वर्षात तीन-चार क्विंटल म्हणजे काय, हे कास्तकारालाच कळेल. तरीही उपटली, आणि रात्री कित्येक महिन्यांनी सलग झोप लागली. तेच सांगायला बसलोय. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

२०२५ चा पावसाळा आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कसा गेला ते इथल्या लोकांना सांगायला नको. बाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. माझं तीन एकर सोयाबीन होतं. ऐन काढणीच्या तोंडावर पाऊस थांबेना. शेंगा झाडावरच उगवल्या. शेंग फोडली की आतला दाणा फुगलेला, आणि त्याला नखाएवढा पांढरा कोंब. वावरात पाय ठेवला की आंबलेला वास. एकरी दीड क्विंटल हाती आलं, त्यात काढणीची मजुरीसुद्धा निघाली नाही. त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये होता. माझा माल डागी. व्यापाऱ्यानं मूठभर दाणे तळहातावर घेतले, फुंकर मारली आणि एक शब्द न बोलता परत पोत्यात टाकले. त्याच्या त्या न बोलण्याचा आवाज माझ्या कानात दिवाळीपर्यंत होता.

कापसाचं तेच. लांब धाग्याचा हमीभाव त्या हंगामात ८११० रुपये होता, पण १२ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा असला की त्या भावात कोणी घेत नाही, आणि यंदा पहिल्या वेच्याचा कापूस पिळून काढावा असा. त्यात १९ ऑगस्ट २०२५ पासून वर्ष संपेपर्यंत बाहेरच्या कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढून टाकलेलं. खासगी व्यापाऱ्याला तेवढंच निमित्त पुरलं.

अशा दिवसांत रोज सकाळी मोबाईल उघडला की सूर्योदयाचा फोटो आणि खाली "नेहमी पॉझिटिव्ह राहा". पाठवणारे आपलेच लोक, त्यांचं मन साफ असतं, मला माहीत आहे. पण या जिल्ह्यात हा विषय हलका नाही. १९ मार्च १९८६ ला चिलगव्हाणच्या साहेबराव करपे या शेतकऱ्याचं अख्खं कुटुंब आत्महत्येत गेलं, नवरा-बायको आणि चार लेकरं. अजूनही दरवर्षी त्या दिवशी कितीतरी लोक अन्न घेत नाहीत. मीही घेत नाही. जिथं ही आठवण आहे तिथं "हसत राहा" एवढं सांगून कसं भागेल? माणूस हसायचं थांबतो ते विचार वाईट झाले म्हणून नाही. त्याला आपलं दुःख एकट्यानं झाकून ठेवावं लागतं म्हणून.

मी झाकत होतो. पीककर्ज घरात सगळ्यांना माहीत होतं. पण मधल्या काळात बियाण्याला आणि औषधाला एका खासगी ठिकाणाहून उचल घेतली होती, कृषी केंद्राची उधारी होती, मेव्हण्याकडून घेतलेले होते. हे कोणालाच माहीत नव्हतं. पारावर बसणं सोडलं. आमच्या गावात रोज संध्याकाळी गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होते, लहानपणापासून मी तिथं खंजिरी वाजवतो, तिथंही जाईना. वाटायचं, चारचौघांत बसलो तर कोणीतरी विचारेल.

एका रात्री बायकोनं दार लावलं, पोराची जुनी वही घेतली आणि समोर बसली. "मले आकडा सांगा. नुसतं तोंड पाडून बसू नका." मी टाळलं. ती उठलीच नाही. मग एकेक करून सांगत गेलो. पोराच्या गणिताच्या मागच्या कोऱ्या पानावर तिनं बॉलपेननं लिहून काढलं. कोणाचे किती, व्याज काय, कोण थांबेल, कोण थांबणार नाही. बेरीज आली चार लाख बारा हजार. ती आधी गप्पच बसली. मग म्हणाली, "मले वाटलं होतं दहा लाखाच्या वर असन."

कर्ज एका रुपयानं कमी झालं नव्हतं. पण सहा महिने जे छातीवर बसलं होतं ते त्या पानावर उतरलं, आणि पानावर उतरलं म्हणून दोघांना उचलता आलं. व्याजाचं पहिले फेडायचं ठरलं. मेव्हण्याला मी स्वतः फोन केला. तो म्हणाला, "भाटोजी, मी मांगतलेच कुठी?" ज्या फोनची धास्ती घेऊन दोन महिने जागलो तो दोन मिनिटांत संपला.

वावरातही तेच शिकलो. गुलाबी बोंडअळी ज्यांनी २०१७ मध्ये पाहिली त्यांच्या मनातून ती जात नाही. पहिले मी भीतीनं फवारायचो, कोणी फवारलं की आपणही. यंदा कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढून घेणारे) लावले आणि रोज सकाळी पतंग मोजले. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग आले की फवारायचं, नाहीतर नाही. सोबत डोमकळ्या तोडायच्या. ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगतो, अळी आत शिरली की कापसाचं फूल उमलतच नाही, पाकळ्या आतून धाग्यानं शिवल्यासारख्या राहतात, गुलाबाच्या कळीसारख्या. दुरून सुंदर दिसते. उघडली की आत पिवळी पराग-भुकटी आणि इवलीशी अळी. एका सकाळी तीस-चाळीस तोडायचो, चुरडून टाकायचो. सगळी अळी गेली का? नाही. पण त्या एका तासात मी कर्जदार नसायचो, वावरातला माणूस असायचो. पुढं पुढं त्या तासासाठीच उठावंसं वाटू लागलं.

आता फरदडीचं. हंगाम संपल्यावरही पाणी देऊन पऱ्हाटी उभी ठेवली की चार बोंडं वाढतात हे खरं. पण बोंडअळीला जगायला मुख्यतः कापूसच लागतो. आपण जानेवारी-फेब्रुवारीत तिला तो हिरवा पुरवला की ती मुक्काम करते आणि पुढच्या खरिपात पहिल्या फुलापासून हजर. पऱ्हाट्या धुऱ्यावर रचून ठेवल्या तरी त्यातल्या कवड्यांत, म्हणजे किडक्या, नीट न फुटलेल्या बोंडांत, ती दडून राहते, म्हणून मी ट्रॅक्टर लावून बारीक करून टाकल्या. दरवर्षी माहीत असूनही मी फरदड घ्यायचो, कारण गेलेलं थोडंतरी परत येईल असं वाटायचं. मनाचंही मी तसंच करत होतो. विम्याचे येतील, भाव वाढेल, कोणीतरी काहीतरी जाहीर करेल, असं म्हणत मेलेल्या आशेला पाणी घालत होतो. पुढच्या वर्षाची कीड त्याच आशेवर पोसली जात होती. ती आशाच मी काल उपटली, पऱ्हाटीसोबत.

याचा अर्थ भाव मागू नये असा कोणी काढू नका. हमीभाव मिळालाच पाहिजे, पंचनामे वेळेत झालेच पाहिजेत, त्यासाठी मी मोर्च्यात जातो आणि जाणार. पण मोर्च्यात जायला माणूस उभा असावा लागतो.

आणखी एक, हे खास बाप्यांसाठी. रात्री अंगावर येतं तेव्हा १४४१६ हा टेली मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठी असलेल्या सरकारी मदतीचा नंबर लावा. दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. मी नोव्हेंबरात एकदा लावला होता. काही लाज वाटायचं कारण नाही. पाठ धरली तर दवाखान्यात जातोच ना आपण.

सोयाबीनच्या वावरात हरभरा पेरला आहे, सध्या फुलावर आहे. प्रार्थनेलाही परत जातोय, खंजिरीचं चामडं ढिलं झालं होतं, ते बदलून घेतलं.

काल रात्री जेवण झाल्यावर शेजारचे दादा आले. आधी हरभऱ्याचं बोलले, मग थंडीचं. उठता उठता म्हणाले, "ते वही कुठी आहे तुयी? मायंबी लिहून दे." साडेदहापर्यंत लिहीत होतो. मधे दोनदा ते उठून अंगणात जाऊन आले. त्यांची पऱ्हाटी अजून उभी आहे.