‘रन’चे ६४५ अर्थ आणि मराठीच्या गरिबीचा खोटा हिशेब

शाळाप्रवेशाचे दिवस आले की मराठवाड्यातल्या पालकांच्या गटांवर एक संदेश फिरू लागतो. त्यात चार दावे असतात. इंग्रजीतल्या ‘रन’ या एका शब्दाला ६४५ अर्थ आहेत. असा शब्द जगातल्या दुसऱ्या कुठल्याही भाषेत नाही, मराठीत तर एका शब्दाला एक अर्थ, फार तर दोन. म्हणून इंग्रजी श्रीमंत, आणि मराठी माध्यमात मूल घालणं म्हणजे त्याचं नुकसान. आणि शेवटी: सोबतची यादी मुलांकडून पाठ करून घ्या, इंग्रजी आपोआप येईल.

मी धाराशिव जिल्ह्यात इंग्रजी शिकवते. इंग्रजी ही मला फार आवडणारी भाषा आहे. तिच्या नावाने मुलांना घाबरवलं जातं आणि त्यांच्या घरच्या बोलीला कमी लेखलं जातं, हे मला सहन होत नाही. म्हणून हे चारही दावे एकेक करून तपासते.

आधी आकडा. तो खोटा नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या तिसऱ्या आवृत्तीसाठी ‘रन’ या क्रियापदाची नोंद नव्याने लिहिली गेली, तेव्हा तिच्यात ६४५ अर्थ भरले. पीटर गिलिव्हर या संपादकांचे त्या एका नोंदीत सुमारे नऊ महिने गेले. ही २०११च्या आसपासची गोष्ट. त्याआधी, १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत, सर्वांत लांब नोंदीचा मान ‘सेट’कडे होता.

पण हा कोश कसला आहे, ते संदेशात कुणी सांगत नाही. तो शब्दांचा इतिहास लिहिणारा कोश आहे. एकदा आत आलेला अर्थ वापरातून गेला तरी त्यातून काढत नाहीत. शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी वापरलेला आणि आज लंडनमध्येही कुणाला न कळणारा अर्थ तिथे क्रमांक घेऊन बसलेला असतो. ‘आउट’, ‘इंटू’, ‘ओव्हर’ असे शब्द जोडून होणारे अर्थही त्याच नोंदीत येतात. शिवाय अर्थ किती बारीक फोडायचे, हे कोशकार ठरवतो. ‘सेट’चंच बघा. एका प्रसिद्ध मोजणीत नाम म्हणून ५८, क्रियापद म्हणून १२६ आणि विशेषणासारखे १०, म्हणजे एकूण १९४ उपयोग सांगितले जातात. दुसरीकडे त्याच शब्दाचे ४३० अर्थ सांगितले जातात. शब्द तोच, फरक फक्त मोजणाऱ्याच्या चाळणीचा.

आता दुसरा दावा, मराठीत एका शब्दाला एक-दोनच अर्थ असतात हा. याच्यावर मी जरा जास्त थांबणार आहे, कारण खरा घाव इथेच बसतो.

‘लागणे’ हे क्रियापद घ्या. मृग लागला की माणसं पेरणीला लागतात. बोअरला पाणी लागतं किंवा लागत नाही, आणि ते किती फुटांवर लागलं यावर आपल्याकडे घराचं वर्ष ठरतं. सोयाबीनला शेंगा लागतात. चैत्र-वैशाखात रानात काम करणाऱ्याला ऊन लागतं. धाराशिवहून बीडला जाताना आधी येडशी लागते, मग येरमाळा. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, निकाल लागतो, लग्न लागतं, ग्रहण लागतं. दूध खाली लागतं, फोन लागतो, डोळा लागतो. रडायला लागलेल्या पोराला शांत करायला वेळ लागतो. एखाद्याचं बोलणं मनाला लागतं. तो तुमचा कोण लागतो, असंही विचारतात. पोरगा नोकरीला लागला, की दुसऱ्या कुणाच्या नादी लागला, या दोन बातम्यांत किती अंतर आहे ते गावातल्या कुठल्याही म्हातारीला विचारा.

सातवीच्या वर्गात मी एकदा फक्त ‘लागणे’ची वाक्यं मागितली. फळा भरला तरी हात वर होतेच. ‘पडणे’, ‘बसणे’, ‘येणे’, ‘उठणे’ अजून बाकी होते. नुसतं ‘बसणे’ म्हटलं तरी घसा बसतो, भाव बसतो, धक्का बसतो, विश्वास बसतो, पावसात जुनं घर बसतं.

यावर कुणी म्हणेल, एवढे अर्थ असले तर गोंधळ होत नाही का? बसस्थानकावर ऐका. ‘गाडी लागली’ असं एक जण ओरडतो आणि सगळे पिशव्या उचलून फलाटाकडे पळतात. तासाभराने त्याच गाडीत, घाटाच्या वळणावर, खिडकीशी बसलेली बाई ‘मला गाडी लागली’ म्हणते आणि शेजारीण लिंबू शोधते. कुणालाही कोश उघडावा लागत नाही. शब्दाच्या मागेपुढे काय आहे, कोण बोलतंय आणि कुठे, यावरून अर्थ कळतो. इंग्रज माणूसही ‘रन’ असाच समजून घेतो. ६४५ खणांचं कपाट डोक्यात घेऊन तोही फिरत नाही.

मग मराठीचा असा आकडा का फिरत नाही? कारण तशी मोजणी करायला लागणारं काम आपल्याकडे तेवढं झालं नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली आला आणि १८५७ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली. त्याच १८५७ साली लंडनच्या भाषाशास्त्र मंडळाने नव्या इंग्रजी कोशाची गरज मांडली. तिथून पहिली आवृत्ती पुरी व्हायला १९२८ उजाडलं. हजारो वाचकांनी पुस्तकांतून वाक्यं टिपून चिठ्ठ्या पाठवल्या, पिढ्यान्‌पिढ्या संपादक बसले, आणि ते काम आजही चालू आहे. आपल्याकडे दाते-कर्वे यांनी महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात काढले, १९५० मध्ये पुरवणी दिली. एवढ्या थोड्या हातांनी केलेलं ते काम बघून मन भरून येतं. त्यात ‘लागणे’ची नोंद काढून वाचा आणि मग ‘एक-दोन अर्थ’ म्हणा. ६४५ हा आकडा दीडशे वर्षांच्या कोशकार्याची मोजणी सांगतो. मराठी शब्द तेवढ्या बारकाईने कुणी मोजलेच नाहीत, तर ते कमी अर्थांचे कसे ठरतात?

तिसरा दावा, श्रीमंतीचा, लवकर निकालात निघतो. जे शब्द रोज, सगळ्यांच्या तोंडी असतात त्यांनाच सर्वांत जास्त अर्थ चिकटतात, हे जॉर्ज झिफ या अमेरिकन अभ्यासकाने १९४५ साली मांडलं. धावणे, बसणे, घालणे, लागणे अशा घरगुती शब्दांची ती रीत आहे, कुठल्या एका भाषेची मिरास नाही. मुलाला कोणत्या माध्यमात घालायचं हा प्रत्येक घराचा निर्णय आहे आणि त्याची कारणं वेगळी असू शकतात. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, उदगीरकडे कन्नड, गावोगावच्या मोहल्ल्यांत दखनी ऐकत मोठी होणारी आपली पोरं एकाच शब्दाचे चार रंग लहानपणीच ओळखतात. मराठीतून शिकल्यामुळे त्यांची समज खुजी राहते, हे मात्र या आकड्यावरून कुणी ठरवू नये.

चौथा दावा सर्वांत जास्त नुकसान करतो. ती यादी मी पाहिली आहे. क्रमांक, अर्थ, क्रमांक, अर्थ, वाक्य एकही नाही. ऑक्सफर्डच्या त्या कोशात अर्थांचा क्रम इतिहासाप्रमाणे लावलेला असतो. म्हणजे रोज लागणारा अर्थ पहिल्याच पानावर मिळेल याची खात्री नाही. आठवीतली मुलगी अशी यादी घेऊन बसली तर तिला इंग्रजी तर येणार नाहीच, वर आपण ढ आहोत असं तिला वाटू लागेल.

मी ‘रन’ शिकवते तेव्हा ‘चालणे’पासून सुरुवात करते. आपलं दुकान चालतं, शाळा चालते, मशीन चालते. या तिन्ही ठिकाणी इंग्रजीत ‘रन’ येतं. इंग्रजी जिथे धावते तिथे मराठी चालते, एवढं एकदा कळलं की मुलं उरलेली वाक्यं स्वतः करू लागतात. पाणी वाहतं, नाक वाहतं, तिथेही ‘रन’, कारण न थांबता पुढे जाणं हा धागा तोच आहे. निवडणुकीत अमेरिकन माणूस ‘रन’ करतो, ब्रिटिश माणूस ‘स्टँड’. आपल्याकडेही उमेदवार उभाच राहतो. हे ऐकून वर्ग हसतो आणि दोन्ही शब्द लक्षात ठेवतो.

‘रन आउट ऑफ’ला मात्र कुठल्याही यादीची गरज पडत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली होती. आजच्या मुलांनी ते घरच्यांकडून ऐकलेलं असतं. फळ्यावर एकच वाक्य लिहिते: ‘लातूर रॅन आउट ऑफ वॉटर, सो अ ट्रेन रॅन फ्रॉम मिरज.’ पहिल्या ‘रॅन’मध्ये पाणी संपलं, दुसऱ्यात गाडी धावली. अर्थ मुलंच सांगतात.

पालकांना माझी विनंती एवढीच, की त्या यादीऐवजी मुलाला शालेय विद्यार्थ्यांसाठी असलेला, प्रत्येक अर्थापुढे वाक्य देणारा कोश आणून द्या. आठवड्याला ‘रन’ची दोन वाक्यं त्याने स्वतःच्या घराबद्दल, शेताबद्दल, एसटीबद्दल लिहिली तरी पुरेत. चुकली तर चुकू द्या, ती दुरुस्त करायला आम्ही आहोत.